डिस्कला बोट लावायचं नाही

५ ऑक्टोबर, रविवार

आज गॅलरीत कुणीतरी अख्खं शेत आणून ओतल्यासारखं झालं होतं. सूनबाई पहाटे गेल्या आणि दुपारी परतल्या त्या सायकलीसकट चिखलात बरबटून. सायकल म्हणजे ती माउंटन बाइक. डोंगरावर चालवायची. डोंगरावर माणूस पायी जातो, शेळी जाते. सायकल घेऊन कोण जातं ते आता घरातच बघायला मिळतं.

प्रतीक्षा कुंभवलीच्या बाजूला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. आठवडाभर काचेच्या नळ्या हलवायच्या आणि रविवारी पालघरच्या पुढे वाघोबा घाट चढून मासवणच्या रानवाटा तुडवायच्या. सायकल सुजीतने घेऊन दिली. सुजीत माझा मुलगा, जहाजावर असतो, महिनोन्‌महिने पाण्यात. जाताना म्हणाला, "घरात तू आणि बाबाच. कंटाळशील. एखादा छंद लाव." म्हणजे तो कंटाळा मी.

धुण्याचा थाट बघण्यासारखा होता. बादली, स्पंज, भांड्यांचा साबण आणि माझा जुना दात घासायचा ब्रश. मी म्हटलं, "सायकल धुवायची नसते, पुसायची असते."

"वाळलेला चिखल पुसला की रंगावर ओरखडे येतात, बाबा. आधी भिजवायचा. आणि बेअरिंगवर जोराची धार मारायची नाही, आत पाणी जातं."

बेअरिंग! मला! अख्ख्या प्लांटचं मेंटेनन्स ज्याच्या शब्दावर चालायचं त्या फोरमनला ही बेअरिंग शिकवणार. चाकाच्या मधोमध एक भोकाभोकांची पातळ चकती आहे, तिला चिमटा बसून ब्रेक लागतो. मी ती चाचपायला हात पुढे केला तर केवढ्याने ओरडली. "डिस्कला बोट लावायचं नाही! बोटाचा तेलकटपणासुद्धा चालत नाही तिला."

इतकी नाजूक असेल तर रानात कशाला नेता? देव्हाऱ्यात ठेवा.

७ ऑक्टोबर, मंगळवार

रात्री जेवताना ताटाशेजारी मोबाईल उभा. त्यात एक दाढीवाला पोरगा चेन साफ करायला शिकवत होता. बोलण्याचा आव असा, की जगातली पहिली चेन यानेच धुतली. चेनवर मळ सोडवणारं द्रावण, मग ब्रश, मग फडकं, मग वाळवणं, मग एकेका कडीवर एकेक थेंब तेल. आणि मग काय, तर ते तेल पुसून टाकायचं! पुसायचंच होतं तर घातलं कशाला? प्रतीक्षा मान डोलावत होती, कीर्तन ऐकावं तशी. म्हणाली, वरचं तेल राहिलं की धूळ धरते, आतलं आत राहतं. मी भाजी वाढून घेतली.

८ ऑक्टोबर, बुधवार

ती कामावर गेल्यावर चेन मीच साफ केली. तिला जमणारच नव्हतं ते नीट, वरवर घासते. जुन्या बनियनच्या चिंध्या केल्या, कडी न् कडी चोळली. काळ्याची चांदी झाली. पेडल उलटं फिरवलं तर नुसती सळसळ, आवाज नाही. पुन्हा फिरवलं. दुपारची झोप राहिलीच.

संध्याकाळी आली, पाहिलं, म्हणाली, "बाबा, तुम्ही केलंत? वा!"

वा म्हणे. कुत्र्याने पंजा दिला की म्हणतात तसं.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज तिचं टोळकं घरी आलं. अंगाला चिकटलेले कपडे, ढुंगणाला गादी शिवलेल्या चड्ड्या. माझ्या सोफ्यावर नको म्हणून मी वर्तमानपत्रं पसरली. टोळीचा म्होरक्या भाग्येश, इमारतींचे नकाशे काढतो म्हणे. एवढे पोहे खाल्ले की हा घाट चढतो कसा तेच कळेना.

खाली जाऊन त्यांच्या सायकली पाहिल्या. हौस भारी, काळजी शून्य. एकाच्या टायरमध्ये हवा नाही, एकीची सीट ढिली, भाग्येशच्या चेनवर मागच्या वर्षीचा मळ. मी पाना आणून सीट आवळली. बाकीच्यांचंही बघितलं. भाग्येश म्हणाला, "काका, तुमच्यासारखा माणूस आमच्याकडे पाहिजे होता." लोणी लावण्यात पोरगा हुशार आहे. पुढच्या रविवारी सगळे पुन्हा येणार. आता ही एक ब्याद मागे लागली. पोहे जास्त आणून ठेवायला सांगितलेत.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

चार दिवस लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

आज एक गोष्ट निकालात काढली. रविवारपासून सायकलचे ब्रेक किंचाळत होते. खाली कुणी ती ढकलत नेली तरी वर ऐकू येई. प्रतीक्षा म्हणे, डिस्कवर काहीतरी बसलंय, स्पिरिटने पुसून चिमट्यातले पॅड घासून घ्यायला हवेत. पण कंपनीत ऑडिट आहे, तिला वेळ नाही. करू करू म्हणत चार दिवस गेले.

धातूवर धातू किंचाळतो तो कशाने? कोरडेपणाने. शाळेतलं पोर सांगेल. गंज सोडवायचा स्प्रे घरात होताच. पुढच्या चकतीवर एक फवारा, मागच्या चकतीवर एक. चाक फिरवलं. आवाज गेला! हिचा चार दिवसांचा विचार आणि माझं मिनिटाचं काम.

तिला सांगितलं नाही. सांगितलं की व्याख्यान ऐकावं लागेल. रविवारी घाट उतरताना सायकल गप्प राहील, तेव्हा कळेल तिचं तिलाच.

१९ ऑक्टोबर, रविवार

पालघरच्या दवाखान्यातून आत्ताच आलो. कपडे आणायला आलो आहे, लगेच परत जायचंय.

सकाळी भाग्येशचा फोन. "काका, घाबरू नका. प्रतीक्षा पडलीय." वाघोबा घाटाच्या पलीकडच्या उतारावर वळणात सायकल सरळ गेली आणि ती खाली झुडपात फेकली गेली. उजव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड मोडलंय, कोपरापासून कातडं सोललंय. डोक्यावर हेल्मेट होतं. डॉक्टर म्हणाला, ते नसतं तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो. असं काहीतरी बोलायला यांना कोण शिकवतं?

दवाखान्याच्या बोळात भाग्येश भेटला आणि माझं डोकं फिरलं. सगळे ऐकत होते, ऐकू देत. म्हटलं, "माझ्या सुनेला मारायला नेली होतीस काय रे? पुढारी म्हणवतोस ना? निघण्याआधी तिची सायकल बघता येत नव्हती? पोहे खायला तेवढा पुढे!"

तो खाली बघत म्हणाला, "काका, मी बघायला गेलो होतो. ती म्हणाली, गरज नाही, माझी सायकल घरी बाबा बघतात."

जखमी बाईच्या तोंडी शब्द घालून स्वतः सुटणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. त्याच्याबरोबरच्या दोन मुली रडत निघून गेल्या. त्याला तिथून हाकललं.

आत गेलो तर प्रतीक्षा जागी होती. माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. औषधाची गुंगी असेल.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

काल घरी आणली. आज डाव्या हाताने रांगोळी काढत बसली, वेडीवाकडी. मी म्हटलं, राहू दे. ऐकलं नाही.

सुजीतचा व्हिडिओ कॉल आला. समुद्रात बसून घर चालवतो. "बाबा, तुम्ही घरात असताना लक्ष द्यायला काय झालं होतं? ती सायकल विकून टाका, मला परत दिसता कामा नये." हा विचार मात्र त्याने बापाचा उचलला. मी म्हटलं, पुसून-बिसून ठेवतो, गिऱ्हाईक बघतो.

मग त्याने तिला विचारलं, "पण पडलीस कशी?"

"वळणावर वाळू होती," ती म्हणाली. माझ्याकडे बघून.

वाळू. बरोबर. रस्ते करणाऱ्यांना लाज नाही. खडी-वाळू तशीच टाकून जातात आणि माणसं मरतात. मला रात्री बरी झोप लागेल आता.

२६ ऑक्टोबर, रविवार

दुपारी एक बाई दारात. डोक्यावर पाटी, पाटीत काकड्या. सोमी नाव, मासवणच्या बाजूची. प्रतीक्षाला झुडपातून हिनेच ओढून काढलं आणि पोरं पोचेपर्यंत मांडीवर डोकं घेऊन बसली. झुडपात पडलेला एक बूट सापडला तो द्यायला आली होती. पत्ता भाग्येशकडून घेतला म्हणे. काकड्या तशाच दिल्या, पैशाचं नाव काढू देईना.

मी सहज म्हटलं, "तुमच्याकडच्या रस्त्यावर वाळू फार."

"वालू? खय हाय वालू?" ती हसलीच. "ती वाट साफ हाय, दादा. मी भारा घेऊन वर चढत व्हते ना. ही बाय वरून आली. दोनी हातांनी दाबते, दाबते, पन गाडी थांबायचं नाव घेत नाय. आवाज पन नाय काय. मीच वरडले, बाय, पाय लाव, पाय लाव…"

"सोमीताई," प्रतीक्षाने तिला मध्येच तोडलं, "चहा घ्या ना. थंड होतोय."

चहातून वाफा निघत होत्या.

जिने जन्मात सायकलला हात लावला नसेल ती बाई मला ब्रेकचं सांगणार. आणि हिने तिला बोलू का दिलं नाही, तेही कळलं नाही. काकडी कोवळी होती. मी खाल्ली नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

गिऱ्हाईकाला दाखवायची म्हणून सायकल धुवायला घेतली. अपघातापासून ती तशीच हॉलच्या कोपऱ्यात उभी होती, मीही तिकडे फिरकलो नव्हतो. चिखल भिजवला, हलक्या हाताने उतरवला. चाकाशी आलो. चकतीवर धूळ चिकटून काळी पेस्ट झाली होती, आणि पुसली तिथे पाण्यावर इंद्रधनुष्याचा तवंग आला. बोट लावलं. वास घेतला.

सायकल उभी केली. पुढचा ब्रेक दाबला आणि ढकलली. चाक फिरलं. मागचा दाबला. फिरलं. दोन्ही दाबले, सगळी ताकद लावून. लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं.

माझ्या हाताखालच्या एखाद्या फिटरने हे केलं असतं तर त्याच तासाला गेटबाहेर काढला असता. आत डबा राहिला म्हणाला असता तर डबासुद्धा आणू दिला नसता.

गाढव. पिकलेलं, पेन्शनीतलं, मिशा असलेलं गाढव.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळपासून तिच्यासमोर चारदा गेलो. एकदा पाणी हवंय का विचारलं, एकदा गोळी घेतलीस का. शेवटी ती डाव्या हाताने वरणभात कालवत असताना म्हणालो, "ब्रेकला तेल मी मारलं होतं."

तिने घास खाल्ला. मग म्हणाली, "हो."

"तुला माहीत होतं?"

"दवाखान्यात कळलं. मोज्यांना तुमच्या त्या स्प्रेचा वास येत होता, चाकावरून उडालेला."

"मग सुजीतला वाळू का सांगितलंस?"

"काय सांगू? समुद्रात बसलेल्या माणसाला सांगू की तुझ्या बापाने…" ती थांबली. "आणि मला बघायचं होतं, तुम्ही आपण होऊन कधी बोलता."

मला वाटलं आता ती म्हणेल, जाऊ द्या बाबा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत. तसं काही ती म्हणाली नाही. ताट बाजूला सरकवलं.

"मी सांगितलं होतं तुम्हाला, डिस्कला बोटसुद्धा लावायचं नाही. त्या व्हिडिओतल्या दाढीवाल्याने सांगितलं असतं तर शिव्या देऊन का होईना, ऐकलं असतंत. चेनचं ऐकलंतच की. हे मी सांगितलं होतं, म्हणून नाही ऐकलंत."

मी तिचं ताट उचलून मोरीत ठेवलं.

"भाग्येशची माफी मागायची," ती म्हणाली. "आणि सुजीतला तुम्ही सांगायचं, मी नाही."

३० ऑक्टोबर, गुरुवार

सुजीतला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही आता गावी जाऊन राहा. तिकडे घर आहे, काका आहेत." बोलत होता तो बॉयलरच्या निकामी झालेल्या भागाबद्दल बोलावं तसा. कुणाचा मुलगा आहे ते कळलं.

मी म्हटलं, बरं. पारनेरला थंडी पडायला लागली असेल, स्वेटर काढायला हवेत एवढंच डोक्यात आलं.

प्रतीक्षाने फोन माझ्या हातातून घेतला. "ते कुठे जाणार नाहीत. त्यांनी बिघडवलंय, तेच दुरुस्त करतील. पुढचं पुढे. आणि सायकल विकायची नाहीये. पडले मी, ठरवणार मी."

माझी बाजू घेतली असं नाही. सूर तसा नव्हता.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

भाग्येशच्या ऑफिसात गेलो. काचेचं दार, आत थंडगार हवा आणि एक मरायला टेकलेलं शोभेचं झाड. सगळं सांगितलं. वाटलं, मोठेपणा दाखवील, पाया पडेल, काका राहू द्या म्हणेल.

तो म्हणाला, "काका, तुम्ही ओरडलात त्या दिवसापासून त्या दोघी ग्रुपमध्ये नाहीत. एकीच्या घरच्यांनी सायकलच बंद केली, की बघा, तो माणूस काय म्हणत होता. माझ्या बायकोने मला विचारलं, खरंच तू सायकल बघितली नव्हतीस का? मला एकट्याला येऊन सांगून काय उपयोग? तिथे जे होते त्यांना सांगा."

पोरगा मला वाटला होता तेवढा लोणी लावणारा नाही. हे मला आवडलं नाही आणि आवडलंही.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी ही मंडळी बोईसर स्टेशनच्या बाहेर, चहाच्या टपरीशी जमतात. गेलो. त्या दोन मुलींनाही भाग्येशने बोलावलं होतं, त्यातल्या एकीचे वडील सोबत आलेले. सगळे हेल्मेट घालून ओळीने उभे, रंगीत मडकी मांडावी तसे. चहावाला हातातलं भांडं खाली ठेवून ऐकायला लागला. रिक्षावाले पण.

मी म्हटलं, "प्रतीक्षा पडली त्यात भाग्येशचा काही दोष नाही. तिच्या ब्रेकच्या डिस्कवर मी तेल मारलं. तिने करू नको म्हणून सांगितलं होतं, तरी मारलं. मग दवाखान्यात मी ह्याच्यावर ओरडलो. ते खोटं होतं."

आवाज कारखान्यातला लागला, त्यामुळे पलीकडच्या प्लॅटफॉर्मवरही गेला असेल. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, शिव्या देता आल्या असत्या. एका मुलीने विचारलं, "काका, नुसतं डिस्क पुसून नाही का चालत? पॅडपण बदलावे लागतात?" मी म्हटलं, पॅड तेल पितात, बदलावेच लागतात. हे मला प्रतीक्षाने परवाच सांगितलं होतं. तेही सांगितलं, कुणाकडून कळलं ते.

मुलीचे वडील माझ्याच वयाचे. जाताना म्हणाले, "मी असतो तर बोललो नसतो." हे कौतुक असेल तर माणसाची लायकीच कळली त्याची.

९ नोव्हेंबर, रविवार

पॅड आले. प्रतीक्षा हात झोळीत घालून खुर्चीवर बसली आणि मी जमिनीवर. ती सांगणार, मी करणार. तिच्या हाताखाली एक दिवस काम करणं म्हणजे काय ते आमच्या जनरल मॅनेजरला कळायला हवं होतं.

"हात धुवा."

"धुतलेत."

"साबणाने."

चाक काढलं. जुने पॅड काढले. डिस्क स्पिरिटने पुसली, फडकं टाकून दिलं, दुसऱ्या फडक्याने पुन्हा. मी तेच फडकं उलटं करायला गेलो तर म्हणाली, "नवीन." चिमट्याच्या आतला भाग पुसला. नवे पॅड कडेला धरून बसवले. चाक बसवताना चकती फटीत अलगद गेली पाहिजे, कुठे घासता कामा नये. तिने वाकून फटीतून उजेड पाहिला. पुन्हा काढायला लावलं. पुन्हा बसवलं. दोनदा मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोललो, तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग म्हणाली, नवे पॅड लगेच धरत नाहीत. सायकल चालवून, हळूहळू ब्रेक दाबून ते रुळवावे लागतात. "मला डॉक्टरांनी मनाई केलीय. तुम्ही बसा."

"मी?"

"ज्याने बसवले त्याने आधी बसायचं."

हेल्मेट घालून इमारतीच्या आवारात फेऱ्या मारल्या. वेग घ्यायचा, दाबायचं, थांबायच्या आत सोडायचं, पुन्हा वेग. वॉचमन हसला, सेक्रेटरीच्या बायकोने गॅलरीतून मुलांना बोलावून दाखवलं. माणसांना बघायला दुसरं काही नसतं. आधी ब्रेक नुसते सरकत होते, मग धरायला लागले, मग असे धरले की मी पुढे जाऊन दांड्यावर आपटलो. गुडघा फुटला. वरून प्रतीक्षा म्हणाली, "लागला वाटतं."

ब्रेकबद्दल विचारत होती की गुडघ्याबद्दल, विचारलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार

डॉक्टरांनी परवानगी दिली. ती आज पहाटे तयार झाली. भाग्येश आणि मंडळी खाली उभी होती, ज्या दोघी सोडून गेल्या होत्या त्यांतली एक आली आहे, दुसरी नाही. तिला घरच्यांनी सोडलंच नाही. ते आता माझ्या हातात नाही.

सायकल मी काल पुसली होती, टायर, चेन, सगळं बघितलं होतं. डिस्क मात्र तिने स्वतः पुसली, मला हातात फडकं घेऊ दिलं नाही. निघण्याआधी सगळ्यांसमोर पुढचा ब्रेक दाबून सायकल ढकलली. मग मागचा. मग दोन्ही. मग चाक उचलून फिरवलं, थांबवलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी शेजारी उभा राहिलो. पाय घरात वळत होते, वळू दिले नाहीत.

गेली.

घरात बसवेना. वर्तमानपत्र वाचलं, त्यात काही नव्हतं. वाघोबा घाटाचा उतार आठवत बसलो, म्हणजे पूर्वी कधी एसटीतून पाहिला होता तेवढा. देवाला बोलायची मला सवय नाही आणि अशा वेळी सुरू करणं म्हणजे लाचारी.

मग फोन वाजला. मासवणहून तिने फोटो पाठवला होता, लिहिलं काहीच नव्हतं. रानाच्या वाटेवर ती उभी, बाजूला सोमी, मागे सगळं टोळकं दात काढून. फोटो काढायचं वेड लागलेली माणसं, उभं राहायचं तर नीट तरी उभं राहावं.

बोटांनी तो मोठा केला. आधी पुढचं चाक बघितलं. मग तिचा चेहरा.